मुद्दा कुठे सुटतो आणि परत धरायचा कसा

आधीच सांगून टाकतो, विषय सोडून बोलणं वाईटच असं माझं म्हणणं नाहीये. कट्ट्यावर चहा घेत बसलेलं असताना कुणी "मुद्द्याचं बोल" म्हणायला लागला तर त्यालाच उठवून लावावं. आंब्याच्या भावावरून सुरू झालेल्या गप्पा देवगडच्या एसटीवर जातात, तिथून कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नावर, आणि रात्री साडेअकराला कुणाला आठवतही नाही की आंबे घ्यायचे होते की नव्हते, आणि बिघडत काहीच नाही. बिघडतं कधी, तर पंधरा-वीस माणसं काहीतरी ठरवायला बसलीयत आणि ते ठरतच नाहीये तेव्हा. किंवा आपल्या अर्जावर समोरचा क्लार्क जेमतेम अर्धा मिनिट घालवणार आहे आणि त्या अर्ध्या मिनिटात त्याला आपलं काम काय आहे हेच सापडत नाही तेव्हा. सोसायटीची मीटिंग, ऑफिसातला रिव्ह्यू, डॉक्टरसमोरची खुर्ची, माहिती अधिकाराचा अर्ज, बँकेला लिहिलेली तक्रार, ही ती ठिकाणं. खाली जे काय लिहितोय ते एवढ्यापुरतंच.

मी सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहायचं काम कायम माझ्याच गळ्यात पडतं. मिनिट्स लिहिणाऱ्याला विषयांतर सगळ्यांच्या आधी कळतं बरं का, कारण समोर बोलणं जोरात चालू असतं आणि याचं पेन थांबलेलं असतं. लिहिणार काय?

गाडी रुळावरून उतरते कशी

एक नेहमीचा सीन घ्या. अजेंड्यावर चौथा विषय, लिफ्टच्या देखभालीचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट कुणाला द्यायचं. तीन कोटेशन आलेली आहेत, सेक्रेटरी आकडे वाचून दाखवतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका उठतात.

"द्या हो कुणालाही, पण मुळात ही लिफ्ट बिल्डरने बसवली तेव्हाच मी म्हटलं होतं, माल हलका आहे."

"बिल्डरचं नाव काढलंत म्हणून विचारते," बी विंगच्या वहिनी, "ते कन्व्हेयन्सचं, जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं, पुढे काय झालं?"

"वकिलांकडे आहेत कागद."

"कोण, ज्यांच्या मुलाने आपल्याकडे फ्लॅट घेतलाय तेच ना वकील? त्याला जरा सांगा की, रोज रात्री माझ्या पार्किंगमध्ये गाडी लावतो."

झालं. पार्किंग निघालं म्हटल्यावर पुढचा पाऊण तास गेला आणि लिफ्ट आपली जिथल्या तिथे लटकलेली.

आता यात नीट बघा, वेडंवाकडं कुणीच बोललेलं नाहीये. लिफ्टवरून बिल्डर, बिल्डरवरून कन्व्हेयन्स, कन्व्हेयन्सवरून वकील, वकिलावरून त्यांचा मुलगा, मुलावरून त्याची गाडी, प्रत्येक जण आधीच्या माणसाच्या बोलण्याला धरूनच बोलतोय. म्हणूनच तर कुणाला जाणवत नाही की आपण विषय सोडलाय, कारण प्रत्येकाला वाटतं मी तर चाललेल्या बोलण्यावरच बोललो. गोम इथेच आहे. आपलं वाक्य आधीच्या वाक्याला जोडलं जातंय का हे बघायचंच नाही, ते नोटिशीत छापलेल्या विषयाला जोडलं जातंय का एवढं बघायचं. बोलायला उठण्याआधी मनातल्या मनात आपल्या वाक्यापुढे "म्हणून लिफ्टचं कॉन्ट्रॅक्ट अमक्याला द्यावं" असं लावून बघा. "बिल्डरने हलका माल वापरला, म्हणून देखभालीत स्पेअर पार्ट धरलेलं कोटेशन घ्यावं" हे लागतंय, म्हणजे काकांचा बिल्डर चालला असता, त्यांनी फक्त ते पुढचं अर्धं वाक्य म्हटलं नाही. "त्याची गाडी माझ्या पार्किंगमध्ये असते, म्हणून लिफ्टचं कॉन्ट्रॅक्ट..." हे काही केल्या लागत नाही. मग बसून राहायचं.

घसरणीच्या आधी काही ठरलेली वाक्यं येतात, ती ओळखायला शिकलात तर निम्मं काम होतं, दुसऱ्याचीही आणि स्वतःचीही. "त्यावरून आठवलं" हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी, आठवण छोटी असते, सांगून होते, माणूस हसून परत येतो. "आता विषय निघालाच आहे तर सांगतो" याचा अर्थ सरळ आहे, विषय निघालेला नसतो, हा माणूस घरूनच घेऊन आलेला असतो आणि दार उघडं दिसायची वाट बघत होता. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे "मुळात काय आहे ना". हे ऐकलं की समजायचं आता आपण मागे जाणार, आणि किती मागे ते सांगता येत नाही, बिल्डिंगचा पाया खणला तिथपर्यंतसुद्धा. स्वतःच्या तोंडून "मुळात" निघालं तर तिथल्या तिथे ब्रेक मारा, कारण मुळाशी गेलेला माणूस फांदीवर परत येत नाही हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आपण बोलताना

पहिली गोष्ट, शेवटचं वाक्य आधी ठरवा आणि शक्यतो तेच आधी म्हणून टाका. "माझं मत दुसऱ्या कोटेशनला आहे, कारणं दोन आहेत." बस. आपल्याकडे पद्धत उलटी आहे, आधी अध्यक्षांचे आभार, मग मी या सोसायटीत किती साली आलो, मग मला कुणाबद्दल वैयक्तिक आकस नाही, मग एक उदाहरण, नमनालाच घडाभर तेल, आणि मत यायच्या आत समोरचे मोबाइल काढून बसलेले. मत आधी सांगितलं की दोन फायदे होतात. एक तर मधेच कुणी तोडलं तरी आपलं म्हणणं नोंदलं गेलेलं असतं. आणि दुसरं, ऐकणाऱ्याकडेच मोजपट्टी जाते, तुम्ही भरकटलात की तोच म्हणतो "ते ठीक आहे, पण दुसरं कोटेशन का?"

गोष्ट सांगायचीच असेल तर सांगा, गोष्टीशिवाय बोलणं कोरडं होतं हे मलाही मान्य आहे. फक्त आधी कुंपण घाला. "एकच उदाहरण देतो आणि बसतो" असं जाहीर बोलून टाकलं की मग लाजेकाजेस्तव का होईना माणूस बसतो. "दोन मिनिटं घेतो" मात्र म्हणू नका, त्यावर आता कुणाचाही विश्वास राहिलेला नाही.

आणि परत येण्यासाठी एक शब्द हाताशी ठेवा. आपल्याकडे तो तयारच आहे, "असो". हा काही आजचा नाही, ज्ञानेश्वरीत बघा, ती शके १२१२ ची म्हणजे इसवी सन १२९० ची, तिच्यात ज्ञानेश्वर एका गोष्टीला दृष्टान्तावर दृष्टान्त देत जातात आणि मग "हें असो" म्हणून मूळ मुद्द्यावर परत येतात, एकदा नाही, अनेक वेळा. आपण हाच शब्द वापरतो पण अर्धवट. सुस्कारा टाकून "असो..." म्हणायचं आणि तिथेच सोडून द्यायचं, म्हणजे तक्रारही संपली नाही आणि विषयही आला नाही. "असो" नंतरचा लगेचचा शब्द विषयाचा पाहिजे. "असो, तर लिफ्ट." इतकं कोरडं चालतं, उलट छान लागतं.

बोलता बोलता धागाच सुटला तर? सरळ विचारा, "मी काय सांगत होतो?" यात काही कमीपणा नाही, समोरचे आनंदाने सांगतात. आणि समोरच्यांपैकी कुणालाच सांगता आलं नाही तर मात्र खाली बसा, कारण मग ते तुमच्याही आधी हरवलेत.

हे शिकायचं तर कीर्तनाला जाऊन बसा

खरंच सांगतोय. विषय सोडून लांब जाणं आणि बरोबर परत येणं याचं इतकं पक्कं तंत्र मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. वारकरी कीर्तनात बुवा सेवेला एक अभंग घेतात. पुढचे दीड-दोन तास त्या एका अभंगाचे. पण म्हणून काय बुवा फक्त तेवढंच बोलतात का, अजिबात नाही. दुसऱ्या संतांची प्रमाणं येतात, पुराणातली गोष्ट येते, सुनेचं आणि सासूचं येतं, मोबाइलचं येतं, गावच्या पुढाऱ्याला कोपरखळी बसते, मंडप हसून लोटपोट. आणि मग बुवा एकदम अभंगाचा चरण उचलतात, मागचे टाळकरी तो धरतात, मृदंग चढतो, आणि सासू-सून-मोबाइल सगळं त्या चरणाखाली जाऊन बसतं. ऐकणाऱ्याला कळतं की अच्छा, म्हणजे हे सगळं याच्यासाठी चाललं होतं.

नारदीय कीर्तनात तर याची रचनाच केलेली आहे. पूर्वरंगात मूळ पद घेऊन निरूपण, म्हणजे तत्त्व काय ते सांगायचं. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. मग उत्तररंगात आख्यान, एखादी पूर्ण गोष्ट, पुराणातली किंवा इतिहासातली. वरवर बघता आख्यान म्हणजे वेगळाच विषय, पण ते निवडलेलं असतं पूर्वरंगातल्या मुद्द्यासाठी, आणि शेवटी बुवा त्याच मूळ पदावर येतात तेव्हा गाठ बसते. जे बुवा नवखे असतात त्यांचं आख्यान रंगतं आणि गाठ बसत नाही, लोक घरी जाताना गोष्ट आठवतात आणि पद विसरतात. हे जाणकार श्रोत्यांना लगेच कळतं, आणि परतीच्या वाटेवर ते बोलूनही दाखवतात.

यातून आपल्या कामाचं काय, तर दोन गोष्टी. लांब जायला हरकत नाही पण जाण्याआधी परत यायचं वाक्य पाठ पाहिजे, शब्दन्‌शब्द. बुवांकडे तो चरण असतो, आपल्याकडे ते मघाचं ठरवलेलं शेवटचं वाक्य. आणि दुसरं म्हणजे ते वाक्य मध्ये मध्ये पुन्हा म्हणायचं, शेवटापर्यंत राखून ठेवायचं नाही. ऑफिसात प्रेझेंटेशन देणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, दर तीन-चार स्लाइडनंतर तुमचं मुख्य वाक्य परत म्हणा. त्यांना ते रिपीट केल्यासारखं वाटतं, ऐकणाऱ्यांना वाटत नाही.

दुसऱ्याला परत आणताना

हे जास्त अवघड, कारण इथे माणसाचा मान असतो. साठी उलटलेल्या माणसाला चारचौघात "विषयाला धरून बोला" म्हटलं की तो विषयाला धरत नाही, तुम्हाला धरतो.

त्यापेक्षा त्याच्या विषयाला जागा द्या. "काका, पार्किंग सातव्या नंबरला घेतोय, तिथे पहिले तुम्ही बोला." आणि मग खरंच त्यांना पहिलं बोलू द्या, नाहीतर पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही. अजेंड्यावर नसेल तर लिहून घ्या, आणि नुसतं मान हलवून "हो हो घेतलं" नाही, वाचून दाखवा, "लिहिलंय, बी विंगच्या पार्किंगमध्ये बाहेरची गाडी लागते." माणूस तेच तेच परत का बोलतो माहितीये का, त्याला खात्री नसते की कुणी ऐकलंय. वाचून दाखवलं की दहातले बरेच जण तिथेच शांत होतात.

आपल्या हाउसिंग सोसायट्यांना याची सोय नियमातच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस चौदा दिवस आधी अजेंड्यासकट द्यावी लागते, आणि अजेंड्याच्या शेवटी ते आपलं लाडकं वाक्य असतं, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". लोकांना वाटतं ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, मी म्हणतो हीच तर सगळ्यात कामाची ओळ. कुठलाही भरकटलेला मुद्दा तिथे नेऊन ठेवता येतो, न तोडता, न अपमान करता. फक्त एक सांभाळा, ज्याला रीतसर नोटीस लागते असा विषय, खर्चाचा, नियम बदलायचा, तिथे घुसवून मंजूर करून घ्यायचा नाही. घरी राहिलेल्या मेंबरला मग बोलायला जागा मिळते, आणि बरोबरच आहे त्याचं.

दुसरी गंमत पहिल्या विषयाची. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." नव्वद टक्के सभा इथेच घसरतात असं मला वाटतं (हा आकडा माझ्या वैतागातून आलेला आहे, कुणी मोजलेला नाही). कारण मागच्या वर्षीचे सगळे भांडणाचे विषय मिनिट्समध्ये ओळीने मांडलेले असतात, ज्याला जे पाहिजे ते तो उचलतो. इथे अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगून टाकायचं, की प्रश्न एवढाच आहे, जे ठरलं ते बरोबर लिहिलंय का. जे ठरलं ते बरोबर होतं का, हा आज विषय नाही. हे एक वाक्य ठणकावून म्हटलं की अर्धा तास वाचतो.

आणि नोटीस काढायच्या आधी, अजेंडा अजून कमिटीच्या हातात असतो तेव्हाच, जड विषय वर घ्या. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते म्हणून सगळ्या सोसायट्या त्याच महिन्यात घाई करतात, रविवारी साडेदहाची वेळ देतात, कोरमला, म्हणजे सभा चालू करायला लागणाऱ्या किमान हजेरीला, दोन तृतीयांश सभासद किंवा वीस यातला जो आकडा कमी तो लागतो, तेवढी माणसं जमेपर्यंत अर्धा तास जातो, मग दीड वाजला की घराघरातून जेवायला फोन. लिफ्ट आणि वॉटरप्रूफिंग जर आठव्या-नवव्या नंबरला असेल तर ते भुकेल्या पोटी ठरणार, किंवा ठरणारच नाही.

अगदीच कुणी ऐकत नसेल तर? संसदेतसुद्धा हा त्रास आहे, आपल्याला वाटतं आपल्याच बिल्डिंगमध्ये असले नमुने आहेत. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत ३५६ नंबरचा नियम याच्यासाठीच आहे, सदस्य विषय सोडून बोलत राहिला किंवा स्वतःचे नाहीतर दुसऱ्यांचे मुद्दे कंटाळा येईपर्यंत परत परत सांगत राहिला तर अध्यक्ष आधी सभागृहाचं त्याकडे लक्ष वेधतात आणि मग त्याला भाषण थांबवायला सांगू शकतात. क्रम बघा, आधी लक्ष वेधणं, मग थांबवणं. सोसायटीतही तसंच करावं, पहिल्यांदा "आपण लिफ्टवर आहोत", दुसऱ्यांदा तेच, आणि तिसऱ्यांदा "आता मत घेऊया, कोण कोण बाजूने?" हात वर करायला सांगितलं की बोलणाराही हात वर करतो, आणि हात वर करून बोलत राहणं अवघड जातं. आमच्याकडे हा उपाय हमखास चालतो. "पॉइंट ऑफ ऑर्डर" म्हणत उठणाऱ्यांपासून मात्र जपून, हरकतीचा मुद्दा म्हणून जे येतं त्यात हरकत भरपूर असते आणि मुद्दा शोधावा लागतो.

पण एक सांगतो, प्रत्येक वेळी तोडू नका. काही वेळा माणूस गोल गोल फिरतो कारण खरं जे बोलायचंय ते चटकन तोंडातून निघत नाही. एक आजी पाण्याच्या टाकीच्या विषयात गच्चीवर जाणाऱ्या पोरांबद्दल बोलायला लागल्या, मग जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल, मग वॉचमन झोपतो त्याबद्दल. सगळे वैतागले. बोलणं कुठे चाललंय हे थोडं थांबून ऐकलं असतं तर कळलं असतं की बाई एकट्या राहतात आणि त्यांना रात्री भीती वाटते, टाकीशी त्यांना काही घेणंदेणंच नव्हतं. सभेनंतर दोघं जण त्यांच्याकडे चहाला गेले, दिवा दुसऱ्या दिवशी लागला. डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील, पेशंट सर्दी-खोकल्याचं बोलून उठतो आणि दारापाशी जाऊन "जाता जाता एक विचारू का" म्हणतो, आणि खरा आजार तिथे निघतो. पेशंट आपण असू तर उपाय सोपा आहे, घरूनच चिठ्ठी लिहून न्यायची. काय होतंय, कधीपासून, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. आणि जे सांगायला लाज वाटतेय ते सगळ्यात वर लिहायचं.

लिहिताना

लिहिण्यात एक बरं आहे, परत वाचता येतं. आणि एक वाईट, कुणी तोडत नाही. आता तर लोक फोनला तोंड लावून बोलतात आणि फोन टाइप करतो, त्यामुळे गप्पांमधलं सगळं पाल्हाळ जसंच्या तसं अर्जात उतरतं.

आपल्या मराठी अर्जाची जुनी पद्धत याबाबतीत फार शहाणी आहे. "प्रति" झालं की "विषय :" ची ओळ, तिच्या शेवटी "बाबत". ती ओळ भरताना बरेच जण "तक्रारीबाबत" नाहीतर "विनंती अर्ज" एवढंच लिहून मोकळे होतात. म्हणजे काहीच लिहिलं नाही. ती ओळ इतकी नेमकी पाहिजे की खालचा मजकूर कुणी वाचलाच नाही तरी काम कुठल्या टेबलावर जायचं ते कळलं पाहिजे.

बँकेला लिहिलेला एक नमुना बघा, असे मी ढिगाने वाचलेत, शेजारपाजारचे लोक तपासायला आणून देतात.

"विषय : तक्रारीबाबत. महोदय, मी आपल्या शाखेचा जुना खातेदार असून माझे वडीलही आपल्याच शाखेचे खातेदार होते, त्या काळी मॅनेजरसाहेब स्वतः उठून चहा विचारत असत, हल्ली मात्र कर्मचारी वर मानदेखील करत नाहीत, एसी बंद असतो, पासबुकाचे मशीन नेहमी नादुरुस्त असते, आणि अशातच माझ्या खात्यातून पैसे दोनदा कापले गेले आहेत, हे कितपत योग्य आहे?"

काम कुठे आहे सांगा. "आणि अशातच" च्या मागे लपलंय. वाचणाऱ्याने एसीपाशीच हा नेहमीचा तक्रारवाला म्हणून कागद बाजूला ठेवला. आता हेच असं लिहा.

"विषय : बचत खात्यातून एकाच व्यवहाराची रक्कम दोनदा वजा झाल्याबाबत." खाली खाते क्रमांक, तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक. "दुसऱ्यांदा वजा झालेली रक्कम खात्यात परत जमा करावी. स्टेटमेंटची प्रत सोबत जोडली आहे." संपलं. पासबुकाच्या मशीनची तक्रार खरी असेल तर तिचा वेगळा अर्ज, वेगळा विषय. एका कागदावर दोन तक्रारी असल्या की उत्तर सोप्या तक्रारीचं येतं.

माहिती अधिकारात तर महाराष्ट्राने याचा नियमच करून टाकलाय. २०१२ पासून राज्यात अर्ज एकाच विषयाचा पाहिजे आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा. केंद्र सरकारच्या कार्यालयांना तीच मर्यादा ५०० शब्दांची आहे, म्हणजे आपल्याकडे जास्त कडक. दोन-तीन विषय कोंबले तर माहिती अधिकारी पहिल्याचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा म्हणू शकतो. यावर लोकांनी आरडाओरड केली, आणि मर्यादा जाचक आहे हे मलाही वाटतं, पण अर्ज लिहिताना तिचा फायदा होतो हेही तितकंच खरं. १५० शब्दांत तुमची चीड बसतच नाही, नुसती मागणीच बसते.

समजा तुमच्या गल्लीतला रस्ता करून सहा महिन्यांत उखडला. लोक लिहितात, "हा रस्ता का उखडला, याला जबाबदार कोण, ठेकेदार कुणाचा नातेवाईक आहे, मागच्या वर्षी ड्रेनेजसाठी खणला तेव्हा झोपला होतात का." यातल्या एकाचंही उत्तर येत नाही, कारण या कायद्याखाली कार्यालयाच्या दप्तरात जे आहे ते मिळतं, "का" चं उत्तर दप्तरात नसतं. त्याऐवजी रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, कुठल्या वर्षीचं काम ते लिहा आणि मागा काय, तर कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची, प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती, काम किती वर्षं टिकायची हमी आहे त्या अटीची प्रत. जबाबदार कोण ते त्या कागदांतून तुम्हालाच कळतं. आणि माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरजच नाही, २००५ च्या कायद्याच्या कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जी रामकहाणी लिहिण्यात लोक दोन पानं घालवतात ती कायद्यानेच माफ केलेली आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, अर्धं पान, आणि तीस दिवस थांबा.

लेख, रिपोर्ट, लांबलचक ईमेल असं काही असेल तर कापाकापीची माझी एक पद्धत आहे. सगळं लिहून झालं की प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलीने दोन-तीन शब्दांत लिहायचं की हा काय सांगतो. कॉम्प्युटरवर नाही, प्रिंट काढून, कारण स्क्रीनवर आपण आपलंच लिहिलेलं कौतुकाने वाचतो. मग मजकूर न वाचता फक्त ती पेन्सिलीची यादी वाचायची. विषयाशी न जुळणारं लगेच डोळ्यात भरतं, आणि दोन ठिकाणी तेच लिहिलं असेल तर तेही. ज्या परिच्छेदापुढे दोन-तीन शब्दांत काही लिहिताच येत नाही तो तर डोळे मिटून काढावा. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा गाडी गरम करायला लिहिलेला असतो, तो झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा, काही अडलं नाही तर उडवा. कंसांचंही तसंच, एखादा चालतो, पण कंसात कंस घालायची वेळ आली की समजायचं तिथे वेगळा लेख दडलाय.

कापताना जीव जातो, कारण आपल्याला जे सगळ्यात छान जमलेलं असतं तेच नेमकं विषयाबाहेरचं निघतं. त्यावर इलाज एकच, फेकायचं नाही. "उरलेलं" नावाची एक फाइल करा आणि त्यात टाकत जा. बँकेच्या अर्जातले ते वडील, ते मॅनेजरसाहेब आणि तो चहा, एवढं चांगलं मटेरियल तक्रारीत वाया कशाला घालवायचं, ते संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टाका, आत्या त्या मॅनेजरचं नाव सांगेल, काका म्हणतील चहा नव्हता कॉफी होती, आणि रात्री बारापर्यंत कुणी झोपणार नाही.